कालवड बंडीमागे, अल्टो बसमागे

पाव किलो साखर संपली तर अख्खं घर घेऊन बाजारात जावं लागतं. मोटरहोमचं हे दुखणं घेण्याआधी कोणी सांगत नाही. आम्हाला ते चिखलदऱ्याला कळलं.

आम्ही म्हणजे मी, बायको आणि 78 वर्षांचे बाबा. एक जुनी मिनिबस घेऊन तिच्यात दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि एक खोक्याएवढं संडास-बाथरूम बसवलं. (आरटीओच्या कागदांचं रामायण आहे, ते पुन्हा कधी.) पहिल्याच हिवाळ्यात आर्वीहून निघालो. कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या माहेरी वर्धा नदीत पाय बुडवले, कुऱ्ह्यावरून अमरावती, मग परतवाडा आणि घाट. चिखलदऱ्याला झाडाखाली सपाट जागा बघून बस लावली, चाकांना दगड लावले, ताडपत्री बांधली, बाबांची खाट बाहेर टाकली, चहा झाला. सगळं चित्रातल्यासारखं. आणि मग बाबा म्हणाले, "चला, आता भीमकुंड पाहू."

भीमकुंड पाहायचं म्हणजे खाट आत, ताडपत्री खाली, गॅसचा नळ बंद, भांडी कपाटात, कपाटाला कडी. एवढं करून बस हलवायची, आणि पॉइंटवर गेल्यावर ती वळवायची कुठे? एका ठिकाणी तर मी पाऊण तास नुसता मागे-पुढे करत होतो आणि पोरं शिट्ट्या वाजवून मला मार्गदर्शन करत होती. गाविलगड, देवी पॉइंट, पंचबोल हे सगळं शेवटी भाड्याच्या जीपने पाहिलं. स्कूटी मागे टांगून न्यावी असं मनात आलं होतं, पण बाबांना या वयात स्कूटीवर डबलसीट कोण बसवणार? घरी अल्टो होतीच. ती बसमागे बांधून आणायची, एवढं मात्र परतीच्या घाटातच ठरलं.

ताई आणि आमचे भाटवे अमेरिकेत असतात आणि त्यांच्याकडे असलंच घर आहे, आमच्यापेक्षा दुप्पट लांबीचं. तिकडे मोटरहोममागे गाडी ओढून नेणं इतकं रुळलेलं आहे की त्या गाडीला लाडाने 'टोड' म्हणतात; इंग्रजीत त्या उच्चाराचा एक अर्थ ओढलेली, दुसरा बेडूक. भाटव्यांनी फोनवर तासभर शिकवणी घेतली. पद्धती तीन. पहिलीत गाडीची चारही चाकं रस्त्यावर. मध्ये इंग्रजी 'ए'च्या आकाराचा लोखंडी दांडा, आणि गाडी न्यूट्रलमध्ये नुसती घरंगळत येते. दुसरीत पुढची दोन चाकं दोन चाकांच्या एका छोट्या गाड्यावर चढवायची आणि मागची जमिनीवर ठेवायची. त्या गाड्याला डॉली म्हणतात. तिसरीत अख्खी गाडी ट्रेलरवर.

पहिली सगळ्यात सुटसुटीत, पण प्रत्येक गाडीला चालत नाही. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सला तेल पाजणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतला माल कोरडा घासत राहतो आणि जळतो. भाटव्यांची होंडा सीआर-व्ही 2014 पर्यंतच्या मॉडेलातली, ती चारही चाकांवर ओढता येते. 2015 ला तिच्यात सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आली आणि कंपनीनेच तसं ओढायला मनाई केली. जीप रँगलरवाले मात्र खुशाल ओढतात, कारण तिचा ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा, न्यूट्रलमध्ये टाकता येतो. डॉली पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी बरी. आमच्या पुतण्याची ईको मागच्या चाकांवर चालते. तिची पुढची चाकं उचलून काय उपयोग, जी चाकं गिअरबॉक्सला जोडलेली आहेत तीच रस्त्यावर फिरणार. आपली अल्टो पुढच्या चाकांची, हाताच्या गिअरची आणि वजनाला साडेसातशे किलोच्या आसपास. भाटवे म्हणाले, "तुझी गाडी याच कामासाठी जन्माला आलीय."

बाबा खाटेवरून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "थो सांगून राह्यला थे काई नवं नाई. बंडीच्या मांगं कालवड बांधून बजारात नेली तं ते आपल्या पायानं चालते, बैलावर वझं नाई पडत. बंडीत टाकून नेली तं सगळं वझं बैलावर. पन मांगं बांधलेल्या कालवडीचं एक हाय. बंडी मांगं घ्याची आसन तं पयले कालवड सोडा लागते."

मी हसलो. वाटलं, म्हाताऱ्याला कुठेही बंडी दिसते.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याचा जन्म ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात गेला. बसच्या मागच्या बाजूला हूक लावून द्यायला तो लगेच तयार झाला, पण अल्टोखाली बॅटरी मारून आडवा झाला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. शेवटी कपाळावरची धूळ पुसत म्हणाला, "भाऊ, याले चेसिस कुठं हाय? हा डब्बा हाय डब्बा." ट्रकसारखी शिडी छोट्या गाडीला नसते, पत्र्याच्या खोक्यालाच सगळं जोडलेलं असतं. बंपर तर प्लास्टिकचा. पुढे ओढायला एक कडी असते, पण ती एकाच बाजूला. 'ए' दांड्याला दोन जागा लागतात. त्याने वेल्डिंगला हात लावला नाही. पुढच्या आडव्या पट्टीच्या दोन मूळ भोकांत बोल्टने कान बसवले आणि दांड्याची पिन ट्रॉलीसारखीच उभी ठेवली. वर दोन साखळ्या, पिन निसटलीच तर गाडी रस्ता सोडून जाऊ नये म्हणून. दांडा जमिनीला समांतर राहिला पाहिजे, हे मी सांगायच्या आधी त्यानेच दोरी लावून पाहिलं.

सगळं तयार झालं, आणि आरटीओची कामं करणाऱ्या एका ओळखीच्याने दांडा पाहून विचारलं, "गाडी बंद पडली का?" नाही म्हटलं. "मग ओढता कशाला?"

2017 ची वाहन चालवण्याची नियमावली त्याने मोबाईलवर दाखवली. धडधाकट गाडी दुसऱ्या गाडीने ओढायची नाही. बिघडलेली ओढता येते, तीही दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत. ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसनवाला माणूस स्टिअरिंगवर हवा, नाहीतर तिची पुढची चाकं उचललेली हवीत. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागे 'ऑन टो' असा फलक हवा. रोजच्या सहलीला चालेल असा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे नोंदणी केलेला ट्रेलर. भाटव्यांचा देश वेगळा, आपला वेगळा. मिस्त्रीला पैसे देऊन झाले होते. दांडा बसच्या पोटात टाकला आणि पुढच्या खेपेला बायको अल्टो घेऊन मागून आली. तिला घाट आवडला, मला एकट्याला बसमध्ये करमलं नाही.

परतीच्या वाटेवर पथ्रोटजवळ एका मित्राच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. बसने आत जाऊ नये हे कळत होतं, पण बाबांना दुपारी आडवं व्हायला त्यांचाच पलंग लागतो. पांदण रस्ता आठ-नऊ फुटांचा. एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला तूर. जेवणं आटोपली, निघायला लागलो, तर अल्टो सुरूच होईना. सेल्फ छान फिरतो, पण टाकीतल्या पेट्रोल पंपाचा तो बारीक 'ऊं' आवाज नाही. पंप गेला. रविवार असल्याने मेकॅनिक शेतात यायला तयार नव्हता. म्हणाला, गाडी घेऊन या. मित्र दोर घेऊन आला. मी मोठ्या रुबाबात बसच्या पोटातून दांडा काढला.

दोर आणि दांडा यांत फरक असा, की बसने ब्रेक मारला की दोरावरची गाडी येऊन धडकते, दांड्यावरची नाही. पण म्हणून ब्रेकचा प्रश्न सुटत नाही. खताच्या पोत्याच्या पांढऱ्या बाजूवर काळ्या रंगाने 'ऑन टो' लिहून मागच्या काचेला बांधलं, बायकोला अल्टोत बसवलं, किल्ली फिरवलेलीच ठेव म्हणून बजावलं, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. फोन स्पीकरवर. निघालो सायकलच्या वेगाने.

पुढे नाल्याचा छोटासा उतार होता. फोनमधून आवाज आला, "अहो, ब्रेक दगडासारखा झालाय!"

ब्रेकच्या पेडलला हलकं करणारा जो डबा असतो तो इंजिनाने ओढलेल्या पोकळीवर चालतो. इंजिन बंद असलं की साठलेल्या पोकळीवर दोन-तीन वेळा पाय चालतो, नंतर पेडल दगड. ब्रेक लागत नाही असं नाही, पण दोन्ही पायांनी उभं राहावं लागतं. आमच्या अल्टोला पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणून निदान चाक तरी जड झालं नाही. तेवढ्या चाळीस-पन्नास फुटांत साडेसातशे किलोंनी बसला मागून असा हात घातला की मला सीटमध्ये जाणवलं. घाटात काय झालं असतं, हा विचार मी पुढे नेला नाही. भाटव्यांकडे ओढलेल्या गाडीचं पेडल दाबणारं वेगळं यंत्र असतं, आणि गाडी सुटलीच तर आपोआप ब्रेक लावणारी तारही. फोनवर त्यांनी ते सांगितलं होतं. मी दांड्याच्या कौतुकात ते अर्धंच ऐकलं. बाबा शेजारच्या सीटवरून म्हणाले, "उताराले बंडी बैलाच्या मानीवर येतेच."

नाला ओलांडून वळलो, तर समोर कापसाची ट्रॉली. दोन पुरुष उंच दाबून भरलेली, वर दोन बाया बसलेल्या. ट्रॅक्टरवर विशीतला पोरगा. "काका, घ्या ना मांगं थोडं," त्याने सहज सांगितलं, आणि मी सहज रिव्हर्स टाकला.

दांड्यावरची गाडी मागे जात नाही, हे मला फोनवर ऐकून माहीत होतं; पण हात सवयीने चालतात. दोन चाकांची ट्रॉली मागे घेता येते, कारण तिची चाकं सरळ असतात. ट्रॅक्टर डावीकडे ढकलला की ती उजवीकडे वळते, एवढं डोक्यात बसलं की झालं. अल्टोची पुढची चाकं मात्र स्वतःच वळतात. मागे ढकललं की ती भलतीकडे तोंड फिरवतात, पूर्ण वळून अडतात, आणि मग गाडी नांगरासारखी जमीन उकरते. चार फुटांत दांडा बसला काटकोनात आला, पिनेने 'कट्' असा आवाज केला आणि फोनमधून जे ऐकू आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खाली उतरून पाहिलं. पिन ताणात अडकलेली. हातोडीने वरून ठोकली, खालून ठोकली, हलेना. मी बस इंचभर पुढे घे, इंचभर मागे घे करत होतो आणि मित्र पिनेला शिव्या देत होता. ट्रॉलीवरच्या बाया वरून शांतपणे पाहत होत्या. एकीने पिशवीतून पानाचा डबा काढला. बाबा सावकाश खाली उतरले, धोतराचा सोगा खोचला, दांड्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "सोडा कालवड."

शेवटी पोरांनी अल्टोचं तोंड उचलून धरलं, ताण गेला आणि पिन हाताने निघाली. अल्टो ढकलत तुरीच्या एका मोकळ्या पट्ट्यात घातली. मग मी नुसती बस मागे घेतली. ट्रॅक्टर गेला. पुन्हा सगळं जोडून मेकॅनिकपर्यंत पोचायला दिवस मावळला. एका कानाचा बोल्ट वाकला होता. तो मी ठेवून घेतलाय.

घरी आल्यावर ट्रेलरचा विचार केला, नाही असं नाही. पण त्याचं गणित जुळेना. लोखंडी ट्रेलरच सहा-सातशे किलो, वर अल्टो, म्हणजे चौदाशेच्या आसपास. ट्रेलर डोलू नये म्हणून त्यातला दहा-पंधरा टक्के भार हुकावर यावा लागतो. मिनिबसच्या मागच्या चाकामागे शेपटी लांब असते; तिच्या टोकाला दीड-दोनशे किलो टांगले की तराजूसारखी पुढची चाकं हलकी पडतात, आणि स्टिअरिंग पुढच्याच चाकांना. शिवाय मुक्कामी गेल्यावर रिकामा ट्रेलर ठेवायचा कुठे? डॉली चाकांवर घरंगळते खरी, पण मागे तीही जात नाही. पांदण रस्त्यावर मागे यावं लागणार नाही असं कोण म्हणू शकतं? अमेरिकेत आठवडाभर रिव्हर्स न टाकता जाता येत असेल. आपल्याकडे समोरून कापूस येतो.

तेव्हा आमचं ठरलंय. दोन गाड्या, दोन डिझेल-पेट्रोलचे खर्च, टोलही दोन. गेल्या महिन्यात लोणारला गेलो. विरूळला समृद्धीवर चढलो, बायको म्हणाली मी पुढे होते, आणि मी सत्तरच्या वेगाने बाबांशी गप्पा मारत निघालो. मेहकरच्या बऱ्याच अलीकडे असताना तिचा फोन आला. ती सरोवराच्या काठावर पोचली होती, सावलीची जागाही धरून ठेवली होती. चहाची तल्लफ आली होती म्हणे, आणि शेगडी, साखर, दूध सगळं माझ्याजवळ होतं.