काकांचा कॉल शेडच्या दारातच का अडकायचा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचा टॉवेलचा कारखाना आहे. पुढं छोटं ऑफिस, मधे मोकळी जागा आणि मागं पत्र्याचं शेड, त्यात माग. आता पार्टीला व्हिडिओ कॉलवर माल बघायचा असतो, बॉर्डरचा रंग दाखवा, पिळून दाखवा, त्यामुळं काका ऑफिसात बसून कॉल लावतात आणि बोलत बोलत शेडकडं निघतात, आणि दिवाळीत मी गेलो तेव्हा बघितलं तर शेडच्या दारात पाय ठेवला की चित्र तिथंच थिजायचं, वर रीकनेक्टिंग फिरत राहायचं आणि काका हॅलो हॅलो करत उभे.

काका म्हणाले, "दोन राऊटर बसवलेत, दोन्हीला एकच नाव, एकच पासवर्ड, तरी लई त्रास आहे बघ." बसवून देणारा म्हणे यापेक्षा मोठ्या अँटेनाचा घ्या.

खरं तर मोठ्या अँटेनानं अजून बिघडलं असतं. गंमत अशी आहे की वायफायमधे एक राऊटर सोडून दुसरा कधी धरायचा हे राऊटर ठरवत नाही, फोन ठरवतो. आणि फोन असतो चिवट. ऑफिसचा राऊटर दिसतोय ना अजून, एक काडी का होईना, मग सोडायचं कशाला? मी वायफाय मोजायच्या ॲपमधे बघितलं, शेडच्या दारात ऑफिसचा सिग्नल उणे ८२ डीबीएम (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर), आणि कॉल नीट चालायला साधारण उणे ६७ तरी पाहिजे. शेडमधला राऊटर १० फुटांवर असताना साहेब जुन्यालाच चिकटून. ॲपलवाले निदान सांगतात तरी, की आयफोन उणे ७० च्या खाली गेला की दुसरा शोधायला लागतो आणि कॉल चालू असताना तो दुसरा ८ डीबीनं चांगला असेल तरच उडी मारतो. काकांचा फोन अँड्रॉइड, तिथं प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं.

पण चिवटपणा हा अर्धाच घोळ होता. शेवटी फोनने शेडचा राऊटर धरला तरी कॉल सावरेना, म्हणून आयपी, म्हणजे फोनचा नेटवर्कमधला पत्ता, बघितला तर ऑफिसमधे एक आणि शेडमधे भलताच. दुसऱ्या राऊटरची वायर वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं इंटरनेट जोडायच्या जागी होती, म्हणजे तो स्वतःचं वेगळं घर थाटून बसलेला, आपलेच आयपी वाटतोय. नाव एक, घरं दोन! पत्ता बदलला की चालू कनेक्शन तुटतं, मग ॲपनं परत जोडायचं.

मोबाईल नेटवर्कमधे हे होत नाही, कारण तिथं कारभार उलटा आहे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना कुर्डुवाडी, दौंड करत फोन किती टॉवर बदलतो. फोन फक्त शेजारच्या टॉवरचं मोजमाप करून कळवतो, कधी उडी मारायची ते नेटवर्क ठरवतं, आणि शेजारचा नुसता चांगला असून भागत नाही, काही डीबीनं चांगला आणि तोही ठरलेला वेळ टिकून पाहिजे, नाहीतर फोन दोन टॉवरमधे चेंडूसारखा टोलवला जाईल. आणि टॉवर बदलला तरी आयपी तोच राहतो, कारण तो टॉवरकडं नसतोच, मागं कंपनीच्या कोअर, म्हणजे मुख्य नेटवर्कमधे असतो.

तर मी काय केलं, शेडच्या राऊटरचं डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटायचं काम, बंद केलं, त्याला ऑफिसच्याच नेटवर्कमधला एक मोकळा पत्ता दिला, वायर वॅनमधून काढून लॅनमधे, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या पोर्टात घातली. एकमेकांच्या आड येऊ नयेत म्हणून एकाला चॅनेल १, दुसऱ्याला ११. आणि ऑफिसच्या राऊटरची पॉवर कमी केली. काका बघतच राहिले, "कमी? पैसे देऊन घेतलाय की." पण पॉवर कमी केल्यावरच ऑफिसची रेंज मोकळ्या जागेत संपायला लागली आणि फोनला शेडकडं बघावं लागलं. ८०२.११आर हे पटकन हस्तांतर करायचं स्टँडर्ड २००८ चं आहे, पण ह्या स्वस्त राऊटरमधे ते सेटिंगच सापडलं नाही, सोडून दिलं.

परवा काकांनी कॉल लावला, ऑफिसमधून निघाले, दारात चित्र क्षणभर अडखळलं आणि पुढं चालू. पहिल्या मागापाशी काकांनी टॉवेलचं टोक कॅमेऱ्यापुढं धरलं, आणि समोरची पार्टी ओरडून ओरडून सांगतीय, दिसतंय सगळं पण त्या खडखडाटात ऐकू काही येत नाही.