अठरावरून सतरावर: जर्मनीतली सवय, पुण्यातले खड्डे

जर्मनीत सप्टेंबर संपत आला की टायरवाल्याची वेळ मिळणं हे दिवाळीच्या तोंडावर शिंप्याची मिळण्याइतकंच अवघड. 'ओ ते ओ' असा इकडचा ठोकताळा आहे: ऑक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, हिवाळी टायर. कायद्यात तारीख नाही. रस्त्यावर बर्फ किंवा दंव असेल तर हिवाळी टायर हवेत, एवढंच तो सांगतो. त्यामुळे बहुतेकांकडे चाकांचा दुसरा सेट असतो आणि गोल्फ जीटीआयसारख्या तेज गाडीचा हिवाळी सेट बऱ्याचदा एक इंच लहान असतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पुण्यात मात्र अठरा इंची चाकं काढून सतराची लावतोय असं बोललात की पहिला प्रश्न येतो, "एवढे पैसे घालून बेस मॉडेल करतोयस का?"

पुण्याला बर्फाची भीती नाही, हे खरं. पण सिंहगड रोडवर जुलैत पाण्याखाली दडलेला खड्डा अठरा इंची चाकाला बर्फापेक्षा जास्त महागात पडतो. कसा, ते आकड्यांत पाहू. २२५/४० आर १८ म्हणजे २२५ मिलिमीटर रुंद टायर, १८ इंची रिमसाठी. त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची २२५ च्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. २२५/४५ आर १७ ची १०१ आणि २०५/५५ आर १६ ची जवळजवळ ११३. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये रबर चिमटलं जातं, आतले दोरे तुटतात आणि दोन दिवसांनी टायरला टेंगूळ आलेलं दिसतं. अठरावरून सोळावर गेलात तर या चिमट्यात सव्वादोन सेंटिमीटर रबर जास्त मिळतं. कात्रजच्या वळणांवर स्टिअरिंग थोडं मऊ वाटेल, ती त्याची किंमत.

आता गंमत अशी की तिन्ही मापांचा पूर्ण व्यास जवळपास सारखाच आहे: ६३७, ६३४ आणि ६३२ मिलिमीटर. फरक एक टक्क्याच्या आत. म्हणून स्पीडोमीटर, गिअरिंग, एबीएस कशालाच धक्का लागत नाही. रिम लहान झाली की टायरची भिंत त्याच प्रमाणात वाढली पाहिजे. स्वस्तात मिळतोय म्हणून १७ च्या रिमवर २२५/४० चढवलात तर व्यास ६१२ वर येतो. गाडी तेरा मिलिमीटर खाली बसते, स्पीडब्रेकरला पोट घासतं आणि शंभर किलोमीटर धावल्यावर ओडोमीटर १०४ दाखवतो.

इकडे ही अदलाबदल सोपी वाटते, कारण डोकं आधीच दुसऱ्या कुणीतरी चालवलेलं असतं. कोणती मापं चालतात ते गाडीच्या सीओसी नावाच्या कागदात, म्हणजे कंपनीच्या अनुरूपता प्रमाणपत्रात, छापलेलं असतं. बाहेरच्या कंपनीच्या चाकावर बहुधा केबीएचा, म्हणजे जर्मनीच्या वाहन खात्याचा, मंजुरी नंबर ओतलेला असतो. त्याच्या मंजुरीपत्रात गाडीचं मॉडेल, टायरचं माप आणि अटी असतात आणि अट तशी असेल तर गाडी ट्यूफसारख्या तपासणी संस्थेला दाखवून बदलाची नोंद करून घ्यावी लागते. नाना पेठेत असा कागद कुणी मागत नाही आणि देतही नाही. तेव्हा आकडे आपणच जुळवायचे. त्यातल्या त्यात निर्धोक वाट म्हणजे कंपनीने स्वतःच दरवाज्याच्या खांबावर किंवा पुस्तिकेत दिलेलं लहान माप. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांशी फारकत घेणारे बदल करू देत नाही, हेही ध्यानात असू द्या.

लहान चाक अडतं ते ब्रेकपाशी. सातव्या पिढीच्या जीटीआयला पुढे ३१२ मिलिमीटरची ब्रेक डिस्क असेल तर सोळा इंची चाक बसू शकतं. ३४० ची असेल तर सतराच्या खाली जाता येत नाही. आणि प्रत्येक सतरा इंची चाक बसेलच असंही नाही, कारण स्पोकची पाठ किती आत वळली आहे ते डिझाइनवर ठरतं. तपासायला स्वयंपाकघरातली घट्ट कणीक पुरते. कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला चिमटणाऱ्या ब्रेकच्या भागाच्या, सगळ्यात पुढे आलेल्या जागेवर आणि वरच्या कडेवर लिंबाएवढा गोळा थापा, टायर न चढवलेली रिम दोन बोल्टवर लावा, हाताने सावकाश एक फेरा फिरवा आणि काढा. जिथे कणीक दाबली गेली तिथली जाडी मोजा. तीन मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर ते चाक परत करा. बॅलन्सिंगची चिकटवजनं आतल्या बाजूला लागतात, त्यांचीही जाडी यात धरायची. नाहीतर पहिल्याच फेरीत खर्र असा आवाज येतो आणि वजनं रस्त्यावर.

मग पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं किती आणि ती किती मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत ते. गोल्फ आणि ऑक्टाव्हियाचा ५ × ११२, व्हर्टस आणि स्लाव्हियाचा ५ × १००. इथे 'थोडंसं चालतं' हा प्रकार नाही. ऑफसेट, म्हणजे ईटी, जास्त फसवा: चाक गाडीला जिथे टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो आकडा. मूळ चाक साडेसात इंच रुंद, ईटी ४९ असेल आणि तुम्ही तेवढ्याच रुंदीचं ईटी ३५ घेतलंत, तर चाक १४ मिलिमीटर बाहेर येतं. दिसायला झकास, पण खड्ड्यात स्टिअरिंग ओढलं जातं आणि बेअरिंगवर ताण वाढतो. दोन-चार मिलिमीटरच्या फरकाने सहसा काही बिघडत नाही.

मधलं भोकही पाहा. चाक ज्यावर बसतं त्या हबचं माप या गाड्यांत ५७.१ मिलिमीटर. बाजारातली चाकं बरीच गाड्यांना चालावीत म्हणून भोक मोठं ठेवतात, ती फट हब रिंगने भरायची. रिंग विसरली तर बॅलन्सिंग कितीही वेळा करा, ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतंच. गॅरेजवाला अलाइनमेंटचे पैसे घेतो, ते वेगळंच.

सगळ्यात जास्त घोटाळा बोल्टचा होतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या मूळ बोल्टची बैठक गोल असते, बाजारातल्या बहुतेक चाकांची शंकूसारखी, ६० अंशांची. शंकूच्या खाचेत गोल बोल्ट आवळला की तो फक्त एका कडेवर टेकतो. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पूर्ण भरला तरी तो हळूहळू ढिला होतो. नवीन बोल्ट एम १४ × १.५ मापाचे, चाकाच्या बैठकीला साजेसे घ्या आणि हाताने फिरवताना किमान साडेसात फेरे आत गेले पाहिजेत. फार लांबही नकोत, मागे ब्रेकच्या भागांना लागतात.

चढवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने टॉर्कचा आकडा खोटा ठरतो. नटांऐवजी बोल्ट असलेल्या गाडीवर चाक टांगून भोक जुळवणं कंबर मोडणारं काम आहे. त्यासाठी एका भोकात मार्गदर्शक पिन लावतात, काही गाड्यांच्या टूलकिटमध्ये ती असतेच. बोल्ट ताऱ्याच्या क्रमाने, एक सोडून एक आवळायचे, शेवटचा टॉर्क गाडी जमिनीवर आल्यावर. सातव्या पिढीच्या गोल्फला १२० न्यूटन मीटर. तुमच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. एअर गनने 'टर्रर्र' करून देणाऱ्याला नम्रपणे थांबवा आणि टॉर्क रेंच काढायला सांगा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

टायर घेताना रुंदी आणि व्यासाबरोबर शेवटचा आकडा आणि अक्षरही वाचा, उदाहरणार्थ '९१ डब्ल्यू'. ९२ म्हणजे एका टायरवर ६३० किलो, ९१ म्हणजे ६१५. पुस्तिकेत मागितलेल्या आकड्याखाली जाऊ नका. 'डब्ल्यू' २७० किलोमीटर वेगापर्यंत, 'व्ही' २४० पर्यंत. बनावटीची तारीखही बघा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आराम वाढावा म्हणून हवा कमी ठेवण्याचा मोह टाळा, कारण कमी हवेत तोच चिमटा पुन्हा बसतो.

वजनाचंही एक. लहान चाक म्हणजे हलकं चाक, असं समजू नका. स्वस्त ओतीव सतरा इंची चाक मूळ अठरापेक्षा जड निघू शकतं. दुकानातच काट्यावर ठेवा, लाजायचं कारण नाही.

चाकं बदलल्यावर टायरप्रेशरची यंत्रणा डॅशबोर्डमधून नव्याने सेट करावी लागते. एबीएसच्या सेन्सरवरून हवेचा अंदाज घेणाऱ्या गाड्यांत तेवढं पुरतं, चाकात सेन्सर असलेल्या गाड्यांत ते सेन्सर नव्या रिमवर हलवावे लागतात किंवा नवे घ्यावे लागतात. आणि गाडीत स्टेपनी असेल तर जुने पाच बोल्ट भंगारात घालू नका. स्टेपनीची बैठक अजून गोलच आहे, नवे शंकूवाले बोल्ट तिला चालणार नाहीत. एका कापडी पिशवीत घालून, लॉक बोल्टची चावी सोबत ठेवून, स्टेपनीच्याच खाचेत ठेवा.