स्कोप घेताय ना, मग प्रोबकडे पण बघा

नवीन ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) घ्यायचा म्हटलं की सगळी चर्चा किती मेगाहर्ट्झ आणि किती चॅनल यावरच अडकते, प्रोब (सर्किटला टेकवायच्या, स्कोपला जोडलेल्या सुया) काय बॉक्समध्ये येतातच. पण सर्किटला टेकतो तो प्रोब, आणि टेकला की तो त्या सर्किटचाच भाग होतो.

साध्या प्रोबवर १ एक्स / १० एक्स असा स्विच असतो, १ एक्सला सिग्नल जसाच्या तसा स्कोपकडे जातो आणि १० एक्सला दहापट कमी होऊन. रोजच्या कामाला १० एक्सच ठेवा, त्यात सर्किटवर १० मेगाओहम आणि साधारण १०-१५ पिकोफॅरड एवढाच भार पडतो. १ एक्सला तोच कपॅसिटन्स ५०-१०० च्या घरात जातो आणि बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल नीट दिसतो ती मर्यादा) जेमतेम ६-१० मेगाहर्ट्झ उरते, मग स्कोप १०० मेगाहर्ट्झचा असला तरी काय उपयोग! घड्याळाच्या ३२.७६८ किलोहर्ट्झ क्रिस्टलवर १ एक्स टेकवला की ऑसिलेशन बऱ्याचदा बंदच पडतं आणि माणूस चिप गेली म्हणून चिप बदलत बसतो. पॉवर सप्लायचा चार-पाच मिलिव्होल्टचा रिपल (डीसीवरची बारीक लहर) बघायचा असेल तर मात्र १ एक्सच बरा, कारण १० एक्समध्ये सिग्नल दहापट कमी होतो आणि स्कोपच्या स्वतःच्या नॉइझमध्ये बुडतो.

दुसरं म्हणजे ती मगरीच्या चिमट्याची ग्राउंड वायर. १५ सेंटिमीटर वायर म्हणजे अंदाजे १५० नॅनोहेन्री, प्रोबच्या १२ पिकोफॅरडबरोबर ती १२० मेगाहर्ट्झच्या आसपास रिंग होते, म्हणजे झटका बसला की थरथरत राहते, आणि मॉसफेटच्या (स्विचिंग ट्रान्झिस्टरच्या) गेटवर जे रिंगिंग दिसतं त्यातलं बरंचसं सर्किटमध्ये नसतंच. प्रोबच्या टोकाची टोपी काढून छोटी ग्राउंड स्प्रिंग लावा आणि तीच एज (सिग्नलचा चढ किंवा उतार) परत बघा, फरक लगेच कळतो. म्हणून प्रोब घेताना किटमध्ये स्प्रिंग आहे का ते आधी विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एसएमपीएसची (स्विचिंग पॉवर सप्लायची) प्रायमरी, म्हणजे मेन्सला जोडलेली बाजू. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि प्रोबची ग्राउंड क्लिप स्कोपमधून थेट अर्थला जोडलेली असते, त्यामुळे ती प्रायमरीच्या निगेटिव्हला लावली की सरळ शॉर्ट, ठिणगी आणि पुढचं सगळं. यावर उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो, प्लीज तसं करू नका, मग स्कोपची बॉडी आणि बीएनसीचा (प्रोब जोडायच्या सॉकेटचा) धातूच लाइव्ह होतो आणि तुमचा हात त्याच नॉबवर असतो. १०० एक्सचा प्रोब घेऊनही हे सुटत नाही, व्होल्टेज झेपेल पण क्लिप अर्थलाच राहणार. इथे हाय व्होल्टेज डिफरेन्शियल प्रोबच लागतो, जो सर्किटचं कुठलंच टोक अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक दाखवतो. महाग असतो, मान्य, पण पॉवर सप्लाय रिपेअर करणाऱ्याने स्कोप एक पायरी खालचा घ्यावा आणि वाचलेले पैसे यात घालावेत असं माझं ठाम मत आहे.

आणि हो, साधा प्रोब दुसऱ्या स्कोपला किंवा दुसऱ्या चॅनलला लावला की १ किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हवर प्रोबवरचा ट्रिमर (छोटा ॲडजस्टमेंट स्क्रू) फिरवून वरचा भाग सपाट करून घ्या, स्विच १० एक्सवर ठेवून.