छत्री आणि चातुर्मास

आमच्या घरी छत्री माळ्यावर टाकायचा मुहूर्त ठरलेला आहे. तुळशीचं लग्न लागेपर्यंत छत्री, रेनकोट, पावसाळी चपला यांतलं काहीही जागचं हलवायचं नाही, हा आईचा दंडक. ऑक्टोबरच्या उन्हात घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि आमच्या दाराआड छत्र्या लटकतात. पाहुणे हसतात. आईचं उत्तर तयार असतं, "देव उठलाय का अजून? तो उठेपर्यंत पावसाचं काही खरं नाही."

आईचं हवामानशास्त्र एवढंच. पण शरद सरता सरता येणारे सण एकेक करून पाहिले, की मला तिचं म्हणणं पटायला लागतं. पाऊस गेला, वाटा सुकल्या, आता पडा घराबाहेर, हे सांगायलाच यातले निम्मेअधिक सण आले असावेत. धर्म कुठलाही असो.

२०२५ साली २ नोव्हेंबरला रविवार होता. त्याच दिवशी पंढरपुरात कार्तिकी एकादशी आणि त्याच दिवशी आमच्या वसईत ख्रिस्ती मंडळींचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. दोन्हीकडे गर्दी, दोन्हीकडे फुलं. शेजारच्या मावशींसोबत मी आदल्या दिवशी दफनभूमीत गेले होते. त्यांच्या सासूबाईंची कबर साफ करायची होती. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा पावसात गेलेला, त्यामुळे गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. मावशींनी घरून विळा आणला होता. कबरीच्या कडेचं गवत त्यांनी मुठीत धरून सपासप कापलं, फरशीवरचं शेवाळ नारळाच्या काथ्यानं घासलं, क्रुसाच्या खाचांत साचलेली माती खराट्याच्या काडीनं उकरून काढली आणि मग चुन्याचा हात दिला. आजूबाजूला सगळ्यांचं हेच चाललेलं. कुणी पाण्याची बादली मागतंय, कुणी शेजारच्या कबरीवरचंही चार हात गवत जाता जाता काढून टाकतंय, कारण त्या घरचे आता कॅनडात. दुसऱ्या दिवशी शेवंतीच्या वेण्या, मेणबत्त्या आणि फादरांची प्रार्थना. हा सण युरोपातून आला, त्याची तारीख आमच्या पावसाला विचारून ठरलेली नाही. पण आमच्याकडे येऊन तो पावसाळ्यानंतरच्या साफसफाईचा सण झालाच. चार महिन्यांचं गवत कुणाच्याही श्रद्धेला सवलत देत नाही.

पावसाळ्यात हिंडायचं नाही, हा नियम या देशात फार जुना आहे. बौद्धांच्या विनयपिटकात त्याची कथा आहे. भिक्खू भर पावसात हिंडायचे, तेव्हा लोक कुरकुर करायला लागले. हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात. अहो, पाखरंसुद्धा पावसाळ्यात घरटं बांधून एका जागी राहतात, यांना काय झालं? तेव्हा बुद्धांनी वर्षावास ठरवून दिला. मला या गोष्टीतली लोकांची तक्रार फार आवडते. ती एखाद्या शेतकऱ्यानंच केली असणार. नुकतं पेरलेलं आहे आणि हे महाराज बांधावरून चाललेत! महाराष्ट्रातल्या विहारांमध्ये आजही आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास चालतो, संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. त्यानंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंत भिक्खूंना नवं चीवर द्यायचं, ते कठिन चीवरदान. इतके दिवस एका जागी बसलेला माणूस वाटेला लागणार, त्याला नवं वस्त्र हवंच.

जैन साधुसाध्वींचा चातुर्मास कार्तिक पौर्णिमेला सुटतो. पालिताण्याच्या शत्रुंजय डोंगरावर चार महिने यात्रा बंद असते, ती याच दिवशी उघडते. साडेतीन हजारांवर पायऱ्या चढायला तिथे पहाटेपासून रीघ लागते. ज्यांना तिथवर जाता येत नाही ते आपल्या गावात शत्रुंजयाचं चित्र काढलेल्या मोठ्या पटापुढे हात जोडतात. पौर्णिमा झाली की आमच्याकडच्या महामार्गावर पहाटे साध्वी दिसायला लागतात. पांढरी वस्त्रं, अनवाणी पाय, हातात काठी, खांद्यावर जेमतेम सामान आणि बाजूनं शंभरच्या वेगानं जाणारे टेम्पो. ज्या नियमानं पायाखालचा किडा वाचावा म्हणून माणूस चार महिने थांबला, त्याला आता ट्रकपासून कोण वाचवणार, असं दर वर्षी मनात येतं.

आणि आमचा विठोबा! आषाढीला देव झोपतो, कार्तिकीला उठतो, हे शास्त्र. प्रत्यक्षात पंढरपुरात दोन्ही यात्रांच्या आधी देवाचा पलंग काढून ठेवतात, कारण चोवीस तास दर्शन चालू ठेवायचं असतं. म्हणजे ज्या एकादशीला झोपायचं, नेमका त्याच दिवसांत देवाला पलंग नाही! यात्रा आटोपली, प्रक्षाळपूजा झाली, की मगच देवाला विश्रांती. वारकऱ्यांना यात काही वावगं वाटत नाही. लेकरं घरी आली की आई कुठे झोपते?

या पंधरवड्यात साऱ्या देशालाच पाय फुटतात. पुष्करच्या वाळूत उंट येतात, बिहारात गंगा-गंडकीच्या संगमावर सोनपूरचा जनावरांचा बाजार भरतो. जनावरं लांबून चालवत आणायची तर रस्ता कोरडा आणि नदी उतरलेली हवी. ओडिशात तर कार्तिक पौर्णिमेच्या पहाटे लोक केळीच्या सोपाच्या, कागदाच्या छोट्या होड्या करून त्यात दिवा लावून पाण्यात सोडतात. पूर्वी तिथले व्यापारी याच सुमाराला वारा फिरला की बाली-जावाकडे निघायचे, त्यांची ही आठवण. कटकला महानदीच्या काठी भरणाऱ्या जत्रेचं नावच बालीजात्रा.

मला मात्र या दिवसांतल्या दोन जन्मतिथींचं जास्त अप्रूप. परंपरेनं नामदेवांचा जन्म कार्तिक शुद्ध एकादशीचा, १२७० सालचा. गुरू नानकांची जयंती कार्तिक पौर्णिमेला, जन्मसाल १४६९. वर्षांचं अंतर दोनशेच्या आसपास, तिथींचं अवघं चार दिवसांचं. दोघेही आयुष्यभर चालत राहिले. नामदेव पंढरपूरहून पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांची एकसष्ट पदं आज गुरू ग्रंथ साहिबात आहेत. २०१५ साली घुमानला मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा एवढ्या लांब संमेलन कशाला, म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली होती. नामदेवांना तर रेल्वेही नव्हती.

ईद तेवढी या पावसाच्या हिशेबात बसत नाही. तिथे निखळ चांद्र वर्ष, दर वर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकणारं. आपण अधिक महिना घालून चंद्राला ऋतूंशी बांधून ठेवतो, तिथे ती दोरीच नाही. त्यामुळे ईद कधी पावसात, कधी उन्हाळ्यात, आणि तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून परत जागेवर. २००५ साली १ नोव्हेंबरला दिवाळी आणि त्याच आठवड्यात रमजान ईद आली होती. २६ जुलैच्या पुरानं मुंबई बुडाली तेच हे वर्ष. घराघरांतल्या भिंतींची ओल अजून गेलेली नव्हती आणि फराळाचं ताट व शीरखुर्म्याचं पातेलं यांची एकाच जिन्यावर ये-जा चालली होती.

तरी आता पाऊसच वेळ पाळत नाही, त्याला काय करायचं? २०१९ साली दिवाळीत 'क्यार' आणि मागोमाग 'महा' अशी दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात घोंघावत होती, आणि कोकणात कापून ठेवलेल्या भाताला शेतातच कोंब फुटले होते. पुढच्याच वर्षी हवामान खात्यानं मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. खात्याला हे जमतं. एकादशी पुढे ढकलायला कुणाला अर्ज करायचा?

आमच्या सोसायटीत तुळशीचं लग्न मात्र वेळेवर लागतं. गेरूनं रंगवलेली कुंडी, चार उसांचा मांडव, आवळा-चिंच-बोरं, एका पोराच्या हातातल्या ताटलीत बाळकृष्ण आणि अंतरपाटाला कुणाचा तरी धुतलेला टॉवेल. मंगलाष्टकं सगळ्यांना अर्धीच येतात, पण 'सावधान' एका सुरात होतं. हे लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना मोकळीक. वसईत याच सुमाराला हॉलसाठी झुंबड उडते, कारण इकडे मुहूर्त सुरू झालेले आणि तिकडे ख्रिस्ती घरांतून नाताळाआधीच्या आगमनकाळात लग्नं टाळायची जुनी रीत, म्हणून त्यांना महिनाअखेरीच्या आत उरकायचं असतं.

शेजारच्या मावशी नातवासाठी एका हॉलच्या लॉनची चौकशी करायला गेल्या, तेव्हा मीही सोबत होते. व्यवस्थापकानं वही उघडली. दोन तारखांवर मंगलकार्यं, एका तारखेवर लाल पेनानं क्रूस. एक शनिवार मोकळा होता. मावशींनी तो लगेच धरला. मग त्यानं भाव सांगितला आणि थांबून म्हणाला, "वरून पत्रा घालायचा असेल तर त्याचे वेगळे पडतील."

"नोव्हेंबरात पत्रा?" मावशी म्हणाल्या.

"मागच्या सीझनला तीन बुफे भिजलेत, मावशी."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, पर्स उघडली आणि पत्र्याचेही पैसे मोजून दिले.