छप्पर कुठं काढायचं, कुठं लावायचं: साताऱ्याहून मेढा–महाबळेश्वर–वाई

सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट, वाई, पाचवड आणि परत सातारा असा हा फेरा. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतो. साध्या गाडीनं सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी. उघड्या गाडीनं निघालात तर अख्खा दिवस धरून चला, कारण निम्मा वेळ लोकांशी बोलण्यात जातो.

गाडी बीएमडब्ल्यूची झेड-फोर, सेकंड हँड. २००९ ते २०१६ या काळात जर्मनीत रेगेन्सबुर्गला बनत होती ती पिढी. हिचं छप्पर कापडी नाही, धातूचं आहे. दोन तुकड्यांत घडी होऊन डिकीत जाऊन बसतं. तिच्या पुढच्या पिढीला कापडी छप्पर आलं आणि कारखानाही ऑस्ट्रियात ग्राट्सला गेला. शौकीन मंडळी कापडीच्या बाजूनं बोलतात, हलकं असतं म्हणून. साताऱ्याचा पाऊस, महाबळेश्वरची माकडं आणि घरासमोर रस्त्यावर लावायची वेळ, या तिन्हींचा विचार केला तर मी धातूवरच थांबेन. इंजिन तीन लिटरचं, सहा सिलिंडर, ३०६ हॉर्सपॉवर. आकडा सांगायला बरा वाटतो. केळघर घाटात त्यातले शंभर पुरतात.

तेवढ्या पैशात नवी इनोव्हा आली असती आणि सगळं घर बसलं असतं, हे घरच्यांनी ऐकवून झालंय. त्यात तथ्य आहे. दोनच सीट म्हणजे प्रत्येक फेरीला घरात निवडणूक. या वेळी निवडून आले काका. ते एस.टी.त ड्रायव्हर होते आणि महाबळेश्वरची गाडी त्यांनी बरीच वर्षं ओढली. कानटोपी, मफलर, वरून स्वेटर असा पोशाख करून ते दारात उभे राहिले, तेव्हा बायकोला हसू आवरेना. पण कॅप साताऱ्याबाहेरच्या कोंडव्याच्या पुढं डोक्यावर टिकत नाही, कानटोपी हलत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी निघणार असाल तर गॉगलपेक्षा ती आधी घ्या. हीटर पायाशी चालू ठेवला की पाय उबदार आणि टाळू गार, असा कारभार होतो. तो मला आवडला, काकांना नाही.

सामानाचं आधी सांगतो, कारण निघायच्या वेळी तिथंच अडतं. छप्पर लावलेलं असताना डिकी ३१० लिटरची, काढलं की १८० उरते. डिकीत एक आडवा पडदा आहे. तो ओढून बसवलेला नसेल तर छप्पर हलतच नाही. म्हणजे पडद्याखाली मावेल तेवढंच सामान. ट्रॉली बॅग विसरा, कापडी पिशव्या घ्या. येताना स्ट्रॉबेरीचे खोके आणायचे असतील तर छप्पर लावूनच घरी यायचं, दुसरा मार्ग नाही.

गावातून छप्पर लावूनच बाहेर पडा. पोवई नाक्यापासून मोळाच्या ओढ्यापर्यंत उघड्या गाडीत बसणं म्हणजे वरातीत बसल्यासारखं, फक्त नवरदेव कोण ते कुणालाच कळत नाही. कोंडवं मागं टाकलं, वस्ती विरळ झाली, की सपाट जागा बघून थांबा. डोक्यावर फांदी किंवा तारा नाहीत ना, हे बघायचं. छप्पर वर जाताना गाडीच्या उंचीपेक्षा बरंच वर उठतं. इंजिन चालू ठेवा, नाहीतर सगळा भार बॅटरीवर येतो. बटण वीसेक सेकंद दाबूनच धरावं लागतं. बोट उचललं की छप्पर अर्ध्यात हवेत थांबतं. आमच्या भोवती शाळेला निघालेली पोरं जमली आणि त्यांनी ते अर्धवट थांबवून दाखवायला लावलं. नंतर पुन्हा लावायला, पुन्हा काढायला. काकांनी घड्याळ बघितलं. वेळापत्रकाची सवय.

मेढ्यापर्यंतचा रस्ता हा या फेऱ्यातला सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात गोड तुकडा. कण्हेर धरणाच्या बाजूनं जाताना हवेतला गारवा एकसारखा नसतो, हे बंद गाडीतून मला कधी कळलंच नव्हतं. प्रत्येक ओढ्यावर, पुलाच्या अलीकडंच, गार हवेचा पट्टा अंगावर येतो आणि पूल संपला की जातो. वस्तीजवळ चुलीचा धूर, मग शेणाचा वास, मग पेंढ्याचा. काचा वर ठेवा आणि सीटमागची वाऱ्याची जाळी बसवून घ्या. चाळीस-पन्नासच्या वेगात आरामात बोलता येतं. ऐंशीच्या पुढं वारा मागून वळून मानेवर बसतो आणि बोलणं बंद पडतं. या गाडीचा खरा वेग तोच, चाळीस-पन्नास. तीनशे हॉर्सपॉवर घेऊन माणूस असं बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला पटत नाही, मला ठाऊक आहे.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्यो रस्ता मी सगळा वरनं बघितलाय रं. खालनं आजच बघतुया." एस.टी.च्या केबिनमधून हा रस्ता म्हणजे सगळा उतार-चढ आणि दूरचा डोंगर. या गाडीत बूड रस्त्यापासून वीतभर वर. समोर दिसतो तो खड्डा, कडेचा दगड आणि पुढच्या गाडीचा धुराडा. आणि तो धूर थेट तोंडावर. डिझेल गाडीच्या मागं उघड्या छपरानं राहायचं नाही, हा नियम मी केला, एस.टी.लाही तो लागू, हे काकांनी जरा नाखुशीनंच मान्य केलं. ती स्टॉपवर थांबते तेवढ्यात पुढं काढायची किंवा सरळ चहाला थांबायचं. आम्ही मेढ्यात चहाला थांबलो.

स्पीडब्रेकर. प्रत्येक गावाला येताना एक, जाताना एक, शाळेपाशी एक, आणि एखादा कुणाच्या तरी हट्टापायी. नाक लांब आणि खाली असल्यानं सरळ घालायची नाही, तिरकी घालायची: एक चाक आधी चढवा, मग दुसरं. मागचा दुचाकीवाला वैतागतो, वैतागू द्या. पूजेच्या दिवशी पुढं बांधलेली लिंबू-मिरची पहिल्याच स्पीडब्रेकरला रस्त्यावर घासून गेली होती. आता ती आरशाला आतून लटकते.

केळघर घाट लागला आणि मला या गाडीचा खरा उपयोग कळला. घाट अरुंद, वळणं आंधळी. त्यात बॉनेट लांब असल्यानं चढाच्या वळणावर क्षणभर रस्ताच दिसत नाही, नुसतं बॉनेट आणि आभाळ. सीट शक्य तेवढी उंच करून घ्या. पण छप्पर नसलं की कान मोकळे होतात. काका मान थोडी तिरकी करून बसले होते. एका वळणाआधी त्यांनी हात वर केला. "थांब. मोठी गाडी हाय. दुसऱ्यात टाकलीया त्यानं." मला काही ऐकू आलं नव्हतं. मी डोंगराच्या बाजूला दाबून उभा राहिलो, आणि काही क्षणांनी वरून एस.टी. आली, खरोखरच दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनवर धरलेली. ड्रायव्हरनं खाली वाकून आमच्याकडं बघितलं, काकांना ओळखलं, आणि तिथंच वळणावर दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. मागं दोन जीपा हॉर्न वाजवत उभ्या. त्यानंतर घाट संपेपर्यंत प्रत्येक गाडी काकांनी दिसण्याआधी सांगितली: टेम्पो, मोटारसायकल, आणखी एक टेम्पो, "रिकामाच हाय." म्हणून माझा सल्ला असा की केळघर छप्पर काढूनच चढा, गाणी बंद ठेवा आणि प्रत्येक वळणाला हॉर्न द्या. चढणाऱ्या गाडीला वाट देतात हे खरं, पण वरून येणाऱ्याला ते माहीत असेलच असं धरून चालू नका. पावसाळ्यात मात्र या घाटाचं नाव नको. दरडी येतात, आणि या गाडीला छोटासा दगडही मोठा.

महाबळेश्वरात शिरण्याआधी छप्पर लावा. नाक्यावर प्रवासी कर भरताना लावलंत तरी चालेल. कारण माकडं. एका पॉइंटवर उघड्या जीपमधल्या कुटुंबाकडं बघत होतो. मंडळी फोटोला चार पावलं पुढं गेली, तेवढ्यात एक माकड स्टेअरिंगवर बसलं, दुसऱ्यानं मागच्या सीटवरची पिशवी उलटी केली आणि मक्याचं कणीस घेऊन बॉनेटवर निवांत सोलत बसलं. दोन मिनिटांसाठी उतरायचं असलं तरी छप्पर लावायचं, काच वर करायची. पॉइंटांबद्दल नवीन सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही. आमचा मुक्काम खरा एस.टी. स्टँडवर झाला. काकांनी गाडी स्टँडासमोर उभी करायला लावली, कंट्रोलरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि बटण स्वतः दाबलं.

लोक तीन प्रश्न विचारतात: ॲव्हरेज किती, किंमत किती, पाऊस आला तर काय. घाटात सहा-सात, हायवेला दहा-अकरा. किंमत मी सांगत नाही. पावसाचं उत्तर बटण दाबून द्यावं. उभ्या गाडीत लहान मुलांना बसू द्यायला माझी ना नाही, बॉनेटवर मात्र कुणालाच नाही. मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त हट्ट करतात.

महाबळेश्वर ते पाचगणी हा तुकडा वीसेक किलोमीटरचा आणि गर्दीचा. सुट्टीच्या दिवशी गाडीला गाडी लागलेली असते. छप्पर लावून, एसी लावून काढा. उन्हाचंही कारण आहे: डिसेंबरातसुद्धा अकरा ते तीन उघड्यावर बसलात तर कपाळ आणि कानाची पाळी भाजते, आणि वाऱ्यामुळं ते संध्याकाळपर्यंत कळत नाही.

सकाळी मेढ्याकडं जाताना ऊन पाठीशी असतं, आणि दुपारनंतर पाचगणीहून वाईकडं उतरतानाही पाठीशीच. ते डोळ्यांत असतं तर, वर छप्पर नसताना समोरच्या झापडीचा कितीसा आडोसा मिळाला असता. सिडनी पॉइंटवर धोमचं पाणी बघून आम्ही चारच्या सुमारास छप्पर काढलं आणि पसरणी घाट उतरायला घेतला. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव. काकांनी घाटभर त्यांची गाणी गुणगुणली आणि वाऱ्यात ती मला अर्धीच ऐकू आली. खाली वाई, कृष्णेची रेघ, शेतांचे चौकोन. गाडी मॅन्युअलवर घेऊन दुसऱ्या-तिसऱ्यात सोडा, ब्रेकवर उभे राहू नका. उघड्या गाडीत दुसऱ्यांच्या ब्रेकचा वासही येतो. पुढं एक भरलेली ट्रॅक्स जीप होती. काकांनी नाकानंच ओळखलं आणि मला मागं राहायला सांगितलं. पुढच्या रुंद वळणावर ती कडेला थांबलेली दिसली, पुढच्या चाकातून धूर निघत होता.

वाईत ढोल्या गणपतीचं बाहेरूनच दर्शन. तिथून पाचवड फाट्यापर्यंत हंगामात उसाची वाहतूक असते, भुईंजच्या कारखान्याकडं निघालेली. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं असला की पाचटाचे तुकडे हवेतून थेट मांडीवर येतात, आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं बरोबर आपल्या डोक्याच्या उंचीला असतात. अंतर ठेवा. अंधार पडल्यावर तर छप्पर लावाच. सगळ्याच ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर असतो असं नाही. पाचवडहून हायवेला लागलात की उघड्या गाडीत काही मजा नाही, ट्रकांच्या चाकांचा आवाज फक्त. आणेवाडीचा टोल आहे. सेकंड हँड घेतली असेल तर आधीच्या मालकाचा फास्टॅग बंद करून आपल्या नावाचा लावून घ्या.

टायरचं बघून ठेवा. स्टेपनी नाही, रन-फ्लॅट टायर आहेत. पंक्चर झालं तरी साधारण ८० किलोमीटर जाता येतं, तेही ऐंशीच्या आतल्या वेगानं. हा फेरा त्यात बसतो, कारण वाई किंवा सातारा कुठूनही त्याच्या आतच आहे. पण पुढचे टायर २२५, मागचे २५५, त्यामुळं पुढचे मागं असा अदलाबदलीचा उपाय नाही आणि हवा तो आकार साताऱ्यात दुकानात पडून असेल ही आशा नको. पेट्रोल निघतानाच भरून घ्या. टाकीच्या झाकणाआत किती ऑक्टेनचं हवं ते लिहिलेलं असतं.

हीच गाडी घेऊन कासला जावं का, असं बरेच जण विचारतात. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, फुलांच्या दिवसांत, नको. पाऊस, धुकं, चिखलातलं पार्किंग आणि शनिवार-रविवारची रांग. त्या वेळी बुकिंग करून साध्या गाडीनं जा. कासच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट मात्र फार चांगला आहे. हंगाम संपल्यावर, नोव्हेंबरात, सकाळी छप्पर काढून कास तलावापर्यंत जाऊन या. पुढं बामणोलीकडं उतरायचा विचार असेल तर आधी रस्त्याची चौकशी करा. पावसाळ्यानंतर कुठला रस्ता कसा झालाय, हे आमच्याकडं नकाशापेक्षा वडापच्या जीपवाल्याला जास्त माहीत असतं.