३७ फुटांवरचा कॉब्लर

आषाढ संपायला चार दिवस. शुक्रवार. पाऊस परवापासून थांबलेला नाही.

सकाळी सातला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ३५ फूट, दहाला ३६. जुलैच्या शेवटी सांगलीत कुणी कुणाला ‘कसं काय’ विचारत नाही. ‘किती झालं?’ विचारतात, आणि उत्तर फुटांत येतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोराटोरांना पाढ्यासारखं पाठ आहे. पुढचा प्रश्न कोयनेचा. सोडलंय का, किती सोडलंय? ते पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळतं आणि मग आमच्या घाटाच्या पायऱ्या मोजत वर येतं. दुकान पोराच्या भरवशावर टाकून हे दोनदा पूल बघून आले. बघून पाणी काही उतरत नाही, पण गावभागातल्या माणसाला बघितल्याशिवाय जेवण जात नाही.

लेकीच्या शाळेला सुट्टी. अकरापर्यंत तिनं तीनदा सांगितलं की कंटाळा आलाय. चौथ्यांदा मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली.

‘मम्मी, कॉब्लर करूया. घरात असतं तेवढ्यातच होतं.’

कॉब्लर म्हणजे फळं आणि पिठाचा भाजलेला गोड पदार्थ. यादी वाचली. डब्यातले पीच, सेल्फ रेझिंग फ्लोअर, बटर, ब्राऊन शुगर, व्हॅनिला. म्हटलं, बाई, हे कुणाच्या घरात असतं? अमेरिकेतल्या बाईनं डोळे मिटून फडताळात हात घातला की पीचचा डबा हाताला लागत असेल. मी घातला तर हळद लागते. मग गूळ, चिरमुरे, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ. फळं म्हणाल तर दोन सफरचंदं, तीही बोटानं दाबली तर दबणारी, आणि पाचगणीहून आणलेल्या स्ट्रॉबेरी जॅमची बाटली, तळाला चार चमचे उरलेली. बाजारात जायची सोय नव्हती. पाऊस आडवा येत होता.

बेदाणे होते. पण ते पुराच्या डब्यात.

पुराच्या डब्याबद्दल लिहायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमचं स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर होतं. आम्ही वर चार दिवस अडकून होतो. वर खायला होतं काय, तर चिरमुऱ्यांचं एक पोतं आणि तासगावच्या पाहुण्यांनी पाठवलेलं बेदाण्यांचं खोकं, तेही जिना उतरवायचा कंटाळा केला म्हणून वर राहिलेलं. पाणी ओसरल्यावर खाली गेलो तर साखरेच्या डब्यात गढूळ पाणी काठोकाठ, आणि सगळ्या बाटल्यांची लेबलं निघून भिंतीला चिकटलेली. हळदीवरचं लेबल देवाच्या फोटोवर बसलं होतं. आत्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.) स्वयंपाकघर वर आणलं त्याच आठवड्यात त्यांनी माळ्यावर पत्र्याचा एक मोठा डबा चढवला. आत चिरमुरे, फुटाणे, गूळ, दूध पावडर, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि एक किलो बेदाणे. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांच्या अक्षरात यादी चिकटवलेली. नियम एकच. पाणी ४० ला जाईपर्यंत डबा उघडायचा नाही.

मामा, माझे सासरे, मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडं दिवाणजी होते, त्यामुळं साठवण या विषयात या घराला बोलायला लावू नये. हरिपूरची पेवं मी लग्नानंतर त्यांच्याबरोबरच पाहिली. जमिनीत खोल खणलेले खड्डे, तोंड लहान, आत हळद. हवा नसल्यानं कीड लागत नाही, वर्षानुवर्षं माल टिकतो. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूस आतच गुदमरतो, हे मामा दरवेळी नव्यानं सांगायचे. २००५ च्या पुराचं पाणी त्या पेवांत शिरलं. आत्यांचा डबा माळ्यावर का, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. डबा उघडायची वेळ येत नाही तेव्हा (येऊ नयेच) दसऱ्याला आत्या तो खाली घेतात, ताजे बेदाणे भरतात आणि जुने माझ्या हवाली करतात. म्हणजे आम्ही तासगावच्या जवळ राहून, पाहुण्यांच्या घरी द्राक्षबाग असून, दरवर्षी शिळे बेदाणे खातो. ताजे डब्यात, जुने शिऱ्यात. चवीनं खायचं म्हणून या घरात बेदाणा कधी उघडलाच गेला नाही, एकतर भीतीनं ठेवायचा नाहीतर कर्तव्य म्हणून संपवायचा.

तर आज मी स्टूल घेतलं आणि डबा काढला. किती फूट होते? ३७.

आत्या पोथी वाचत होत्या. पत्र्याचा आवाज झाला तसा चष्मा वर केला.

‘चाळीस झालं का गं?’

‘नाही आत्या.’

‘मग?’

‘लेकीला कॉब्लर करायचाय.’

‘म्हंजी चपला शिवणारा?’

लेक हसून लोळली. तिनं मोबाईलमधून सांगितलं की वरचा थर फरसबंदीच्या दगडांसारखा उंचसखल दिसतो म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात. इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या लोकांकडं तिकडं ना धड भट्टी होती ना घरच्यासारखं सामान. मग हाताला लागेल ते फळ बिडाच्या भांड्यात घालायचं, वर कणकेचे गोळे टाकायचे, झाकण लावायचं, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. इथं आत्यांनी पोथी मिटली. वर-खाली निखारे त्यांना कळतात. त्यांच्या माहेरी नानकटाई तशीच व्हायची, पातेल्यात वाळू आणि वरच्या परातीत विस्तव.

‘आषाढात तळायचं सोडून भाजत बसलीस,’ एवढं मात्र म्हणाल्या. कापण्या राहिल्यात, ते खरंच. पण डबा परत ठेव म्हणाल्या नाहीत.

बेदाणे बघून वाईट वाटलं. दसऱ्याला भरले तेव्हा पोपटी होते, आता मधासारखे तपकिरी. शीतगृहात नसला की बेदाण्याचं हे होतंच. पाहुण्यांकडं मी द्राक्षांपासून बेदाणा होताना पाहिलंय. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यानं सालीवरचा मेणाचा थर सैल होतो, मग शेडमध्ये जाळ्यांच्या रॅकवर सावलीत पसरतात. उन्हात टाकला तर रंग जातो, आणि सौद्यात भाव रंगाला. आमच्या डब्यातल्याला कुणी बोली लावली नसती. गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवले तर मात्र एकेक दाणा टम्म, देठाकडची सुरकुती तेवढी राहिलेली. एक तोंडात टाकला. मग अजून एक. लेक म्हणाली, ‘कॉब्लरला ठेव.’

या पाककृतीत लक्षात ठेवायला फार काही नाही. एक वाटी मैदा, एक वाटी साखर, एक वाटी दूध, दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. भांड्यात आधी वितळलेलं बटर, त्यावर हे सरसरीत पीठ, त्यावर फळं. आणि ढवळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी आंब्याचा केला होता तेव्हा मी ढवळलं. हात राहवेना. आपल्याकडं कढईत काही घातलं आणि हलवलं नाही तर खाली लागतं, हे हाताला लहानपणापासून माहीत. तेव्हा आत्या चाखून म्हणाल्या होत्या, ‘शिरा झालाय बेस.’ न ढवळता ठेवलं की फळ जड म्हणून खाली बसतं, पीठ फुगून त्याच्या बाजूनं वर येतं, आणि कडेला साचलेल्या स्निग्धात कडा तळल्यासारख्या होतात. सगळी गंमत त्या कडांची.

बेकिंग पावडर काढली. चमचाभर गरम पाण्यात टाकली तर ढिम्म. बुडबुडासुद्धा नाही. तारीख पाहिली आणि लेकीपासून डबी लपवली. सोडा होता, ढोकळ्याचा. नुसता सोडा फुगत नाही, त्याला आंबट लागतं, म्हणून दुधाऐवजी वाटीभर ताक घेतलं आणि सोडा अर्धाच चमचा, जास्त झाला की साबण चाटल्यासारखं लागतं. पण सोडा आणि ताक भेटले की काम तिथंच सुरू होतं, मग गप्पा मारत बसता येत नाही. बटर नव्हतं, तूप होतं. बटरमध्ये थोडं पाणी असतं, तुपात नसतं, म्हणून अर्ध्या वाटीहून जरा कमी. साखर पाऊणच, बेदाणे गोड आहेत. व्हॅनिला गेली उडत, जायफळ किसलं.

एवढी तयारी झाली आणि लाईट गेली.

माझ्याकडं माहेरून आलेला गोल ओव्हन आहे, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. तापमान वगैरे काही कळत नाही त्यात, वासावर चालतो. पण लाईट नाही तर तो नुसता डबा. मग जाड बुडाची कढई, तळाला दोन वाट्या मीठ, त्यावर कुकरची जाळी, घट्ट झाकण, दहा मिनिटं तापवली. तोपर्यंत सोडा-ताक मिसळलं नव्हतं ही देवाची कृपा. तूप, पीठ, सफरचंदाच्या फोडी, बेदाणे, जॅमचे चार ठिपके. लेकीचा हात चमच्याकडं गेला, मी धरला.

पन्नास मिनिटं. मधे उघडायचं नाही. आम्ही तिघी अंधाऱ्या स्वयंपाकघरात बसलो, बाहेर पन्हाळीचा आवाज. आत्यांनी आपणहून पुराचं काढलं, जे त्या कधी काढत नाहीत. त्या चार दिवसांत बेदाणे त्यांनी मोजून वाटले होते, माणशी वीस, सकाळी दहा आणि रात्री दहा. मला हे आठवतच नव्हतं. मला आठवतो तो बोटीचा आवाज आणि खालून येणारा चिखलाचा वास. ‘तू तुझ्यातलं हिला देत हुतीस, आणि मी माझ्यातलं तुझ्या ताटलीत टाकत हुते. अंधारात तुला कळलं न्हाई,’ आत्या म्हणाल्या आणि उठून झाकणाजवळ जाऊन वास घेऊन आल्या. ‘झालं असंल.’

झालं होतं. सुरी पिठाच्या भागात घालून पाहिली, स्वच्छ निघाली (फळात घालू नये, जॅम चिकटतो आणि उगीच कच्चं वाटतं). फुगलंही होतं, मधे खड्डे, कडेला डोंगर. पण वरून पांढरंफटक. आच खालूनच, वर रंग कुठून येणार? लेकीचं तोंड पडलं. मोबाईलमधला सोनेरी, आमचा घावनासारखा. आत्यांनी लोखंडी तवा गॅसवर ठेवला, लाल होईपर्यंत तापवला आणि सांडशीनं धरून भांड्याच्या वर बोटभर अंतरावर आणला. मी म्हटलं आत्या, हात भाजेल. त्यांनी लक्ष दिलं नाही. तीन वेळा तवा तापवला. मधोमध बदामी डाग पडले, साखर जिथं वर आली होती तिथं चर्र झालं. परातीतला विस्तव नाही तर तवा.

खाताना आत्यांनी चमचा घेतला नाही. कडा मोडून घेतली, चुरचुर वाजली, मग दुसरी. ‘मधलं तुम्ही खावा,’ म्हणाल्या. हे दुकानातून भिजून आले आणि उभ्या उभ्या वाटीभर खाल्लं. काय आहे विचारलंच नाही, ‘३७ आणि पाच इंच’ एवढं सांगितलं. सोडा किंचित जास्त झाला होता, मला कळला, बाकी कुणाला नाही. किंवा कुणी बोललं नाही.

रात्री नऊला लाईट आली. आत्यांनी डबा मागितला. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचंय. त्यांनी झाकण उलटं करून मांडीवर घेतलं, यादीतल्या बेदाण्यांवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि मला म्हणाल्या, ‘उद्या तासगावला फोन लाव. दोन किलो सांग.’ मग लेकीकडं वळल्या.

‘ते फुगायचं काय म्हंतीस तू?’

‘बेकिंग पावडर, आज्जी.’

‘लिव हितं. नवी म्हणून लिव. आणि तुझ्या आईनं लपवली ती डबी फेकून दे आधी.’

लेकीनं काडेपेट्यांच्या खाली लिहिलं. डबा माळ्यावर गेला. आत्ता अकराला ३७ फूट ८ इंच.