बस पाचला निघते, बंधारा परवा भरतो

जव्हार तालुक्यात पाऊस काही कमी पडत नाही. पण उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ, त्यामुळे पाणी थांबत नाही. फेब्रुवारीत ओहोळ आटतात. म्हणून पावसाळा सरला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालायचे, हा इथला नेहमीचा कार्यक्रम. जागा पाहणं, आखणी करणं आणि बाहेरून येणाऱ्या गटांना काम वाटून देणं हे माझ्याकडे असतं. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी वसईच्या एका चर्चमधून चाळीसेक माणसं आली होती. तरुण पोरंपोरी, काही वाडीवाले शेतकरी आणि सोबत फादर.

अशा गटांशी दोन गोष्टी आधीच बोलून घेतो. प्रार्थना बसमध्ये किंवा आपल्या गावी करायची, पाड्यावर पत्रकं वाटायची नाहीत. इथे पेसा, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा लागू आहे, आणि ग्रामसभेने होकार दिलाय तो बंधाऱ्याला. आणि जुने कपडे आणायचे नाहीत. कपडे आले की सगळा पाडा गाठोड्यांभोवती जमतो, काम बाजूलाच राहतं आणि कुणाला काय मिळालं यावरून नंतर महिनाभर भांडणं चालतात. फादरांनी दोन्ही अटी विनातक्रार पाळल्या.

तारखेचा पेच दरवर्षी असतो. लवकर गेलं तर ओहोळाला ओढ जास्त, गोणी टिकत नाही. उशीर केला तर अर्धा पाडा वीटभट्टीवर निघून गेलेला असतो. मग पाहुणे बांधून जातात आणि राखायला माणूस उरत नाही.

ओहोळ सहा मीटर रुंद, भिंत 1.2 मीटर उंच. तळाला गोण्यांच्या तीन ओळी, मध्ये दोन, वर एक. मिळून दोनशेच्या वर गोण्या लागतात. आम्ही तीनशे जमवतो, कारण बांधकामावरून आलेल्या बऱ्याच गोण्या मजुरांनी मधोमध कापलेल्या असतात. आदल्या दिवशी झटकून त्या वेगळ्या काढाव्यात. सिमेंटची भुकटी डोळ्यांत गेली की पाहुण्यांचा पहिला तास डोळे धुण्यातच जातो. गोणीत चार घमेली माती, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास. गच्च भरली तर गोणी गोल होते आणि दोन गोण्यांमध्ये फट राहते. दोन-तृतीयांश भरली तर ती दबून बसते. तोंड दाभणाने नायलॉनच्या सुतळीने शिवायचं आणि शिवण भिंतीच्या आतल्या बाजूला ठेवायची. सांधे विटांसारखे चुकवायचे. नुसती वाळू भरली तर पाणी झिरपून जातं. मुरूम-माती भरावी आणि ओळींच्या मध्ये ओली चिकणमाती पायांनी तुडवावी.

पण बंधारा फुटतो तो बहुतेक तळातून, नाहीतर काठावरून. पालापाचोळा आणि सैल वाळू खरवडून कातळ लागेपर्यंत जायचं, दोन्ही काठांत दीड फूट खाच मारून गोण्या आत घुसवायच्या. हे काम चिखलातलं आणि कंटाळवाणं, फोटोतही दिसत नाही. पोरं साखळी करून गोण्या टाकायला धावतात, खाच मारायला कुणी थांबत नाही. त्या दिवशी थांबले ते वसईचे एक वयस्क काका. वसईत वाड्यांना पाणी देणारी बावखलं, म्हणजे छोटी तळी होती, पुष्कळशी आता बुजवली गेली आहेत. काकांनी तरुणपणी बावखलातला गाळ काढलेला. चिकणमाती किती ओली हवी हे त्यांना हातात गोळा घेताच कळत होतं. ते आणि पाड्यावरचा एक म्हातारा यांनी मिळून डावा काठ बसवला. दोघांची भाषा एकमेकांना निम्मीच समजत होती, पण काम अडलं नाही.

काम चालू असताना ओहोळाचं पाणी चार इंची पीव्हीसी पाइपातून भिंतीखालून सोडलेलं असतं. दुपारी दोनला वरची ओळ बसली. बस पाचला निघणार होती आणि भरलेल्या बंधाऱ्यासमोर फोटो हवा होता. दोन पोरांनी पाइपाला टोपण ठोकलं आणि टाळ्या वाजल्या.

साडेतीनला खालच्या पाड्यावरची एक बाई रिकामा हंडा घेऊन वर आली. तिने फादरांनाच गाठलं. ‘फादर, आमचं पाणी कुणी अडवलं? डोह चढत नाही, गुरं उभी आहेत.’ ग्रामसभेत ठरलं होतं की निम्मं पाणी खाली जात राहील. गोण्या शिवण्याच्या धांदलीत ते कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

मी टोपण काढायला लावलं आणि पोरांना हिशेब करायला बसवलं. पंधरा लिटरची बादली पाइपाखाली साडेसात सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला दोन लिटर. ओहोळाचा उतार शंभराला एक, म्हणून पाणी मागे 120 मीटर पसरणार. साठा साधारण तीन लाख लिटर. सगळं पाणी अडवलं तरी भरायला जवळपास 42 तास लागणार. दीड तासात वीतभर चढलं होतं. फोटोपुरता बंधारा त्या दिवशी भरणारच नव्हता, खालचा पाडा मात्र तेवढ्यात कोरडा पडला होता.

एकदोघांचे चेहरे उतरले. एका मुलीने विचारलं, ‘मग आम्ही आज नक्की काय केलं?’ फादर काही बोलले नाहीत, त्यांनी बादली तिच्या हातात दिली.

चार इंची पाइपाच्या तोंडाशी दोन इंची तुकडा आणि कॉक बसवला. कॉक इतका फिरवला की बादली पंधरा सेकंदांत भरेल. म्हणजे लिटर खाली, लिटर वर. भरायला दुप्पट वेळ, साधारण बुधवारची रात्र. पण यातही एक गोम आहे. मागे पाणी चढतं तसा दाब वाढतो आणि त्याच कॉकमधून जास्त पाणी सुटतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ बादलीने मोजून कॉक थोडा आवळावा लागतो. ते काम खालच्या पाड्यावरच्या त्याच बाईने मागून घेतलं. तिच्या पाण्याचा प्रश्न होता, दुसऱ्या कुणावर सोपवायला ती तयार नव्हती.

शेवटच्या तासाला मधल्या दोन गोण्या काढून सांडवा केला, म्हणजे जादा पाणी काठ न खाता मधूनच पडेल. पडतं तिथे दगड रचले. फोटो निघाला तो अर्धवट ओल्या ओहोळाचा.

बंधारा गुरुवारी भरला. कडेच्या विहिरीचं पाणी पुढच्या आठवड्यात वर आलं. जानेवारीत त्याच चर्चमधून सहा जण आले, काकाही होते. उन्हाने विरलेल्या वरच्या गोण्या बदलल्या, काठाची खाच पुन्हा तुडवली. फादर विचारत होते की पुढच्या वर्षी चाळीस आणू की दहा. मी म्हटलं, नोव्हेंबरात पंधरा, जानेवारीत सहा आणि मे अखेर चार. मेमध्ये गोण्या उपसून माती ओहोळाबाहेर टाकावी लागते. नाहीतर पहिल्या पुरात प्लास्टिकच्या चिंध्या खालच्या भातखाचरांत जातात. मेच्या चौघांची नावं अजून आलेली नाहीत.